मामाने बॅटरीला कान लावला

आमचा मामा रेडिओ केंद्रातून निवृत्त झाला, त्या दिवशी त्याच्या कौतुकाची बरीच भाषणं झाली. घरी आल्यावर मामीने विचारलं, "काय काय बोलले?" तर मामा म्हणाला, "काय बोलले ते सोड. माइक ओठांना चिकटवून बोलत होते सगळे. प्रत्येक 'प' फटाफट फुटत होता."

असा आमचा मामा. उभा जन्म त्याने आवाज टिपण्यात घालवला. नाटकात आग लागली की मामा स्टुडिओच्या कोपऱ्यात बसून चॉकलेटचे चमकते कागद चुरगाळायचा आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, अख्खं गोदाम पेटलंय. एकदा हाड मोडल्याचा आवाज हवा होता, तेव्हा त्याने माइकसमोर कोबीचा गड्डा पिळला होता. तो कोबी संध्याकाळी घरी भाजीला आला, हे मामी अजून येईल त्याला सांगते.

निवृत्त झाल्यावर मामाने घर दुरुस्तीला काढलं. भिंती वगैरे ठीकच होत्या, दुरुस्ती आवाजांची होती. आधी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मग सगळ्या खुर्च्यांच्या पायांना जाड कापड चिकटवलं. मग फ्रिजखाली रबर सरकवलं. कपाटाचा खण बंद करताना खट् व्हायचं, तिथे त्याने बुचाचे तुकडे लावले. मामी म्हणाली, "या घरात मला माझी स्वतःचीच चाहूल लागत नाही. भुताटकी झाल्यासारखं वाटतं."

हे सगळं चालू असताना एक गोष्ट मात्र मामा कुणाला कळू देत नव्हता. त्याचे कान जायला लागले होते. जाड आवाज ऐकू यायचे. बारीक, टोकदार आवाज मात्र गेले होते. ओव्हनची वेळ संपली की बारीक 'टीं टीं' वाजायचं, मामा शेजारी बसून पेपर वाचत राहायचा आणि केक कोळसा व्हायचा. मामी वैतागून विचारायची, "अहो, लक्ष कुठे असतं तुमचं?" मामा म्हणायचा, "वाचण्यात गुंगलो होतो." जन्मभर ज्याने कानांवर पोट भरलं, त्याने कान गेले असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा वेंधळा म्हणवून घेणं त्याला बरं वाटत होतं.

आता वहिनीबद्दल सांगते. वहिनी म्हणजे मामाची सून, माझ्या मामेभावाची बायको. दादा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रात. त्यामुळे घरात माणसं तीनच: मामा, मामी आणि वहिनी. वहिनी एका संशोधन संस्थेत बॅटरीवर काम करते. फोनमध्ये, गाड्यांमध्ये असतात त्या लिथियमच्या बॅटऱ्या. रोज संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या नखांच्या कडांना काळी भुकटी असायची आणि मामी विचारायची, "आज कोणत्या खाणीत उतरली होतीस?"

एकदा जेवताना वहिनी गप्प होती. मामाने विचारलं, "काय गं, काय बिनसलं?"

"काही नाही बाबा. एक आवाज ऐकायचाय आणि तो सोडून जगातले सगळे आवाज ऐकू येतायत."

मामाचा घास हातातच राहिला. इतक्या महिन्यांत त्याच्या कामाचं काही कानावर पडलं नव्हतं.

वहिनीने ताट बाजूला सारलं, टीपॉयवरची चार मासिकं आणली आणि एकावर एक ठेवताना मधे पेन्सिली घातल्या. "ही मासिकं म्हणजे धातू आणि ऑक्सिजनचे थर. बॅटरीच्या धन टोकाला जो पदार्थ असतो, तो असा थराथरांचा असतो. मधल्या पेन्सिली म्हणजे लिथियम. आपण फोन चार्जिंगला लावला की हे लिथियम थरांमधून बाहेर पडतं आणि पलीकडच्या टोकाला जाऊन बसतं. फोन वापरला की परत येतं."

"म्हणजे लिथियम गेलं की थर खाली बसणार," मामा म्हणाला.

"कुणालाही तसंच वाटेल. पण आधी उलटं होतं. या थरांचे समोरासमोरचे चेहरे ऑक्सिजनचे असतात आणि ते एकमेकांना दूर लोटतात. मधे लिथियम आहे तोवर ते दोघांना धरून ठेवतं. ते निघायला लागलं की थर थोडे लांब सरकतात. आणि मग, चार्जिंग अगदी पुरं होत आलं, जवळजवळ सगळं लिथियम निघून गेलं, की थर एकदम आत बसतात." तिने मधल्या पेन्सिली ओढून काढल्या. मासिकं धप्पकन् खाली आली.

मामी म्हणाली, "ताटात पडेल काहीतरी."

"आई, हे एकाच दाण्यात झालं तर काही बिघडत नाही. पण धन टोकाच्या आमच्या काळ्या भुकटीचा एकेक गोळा म्हणजे शेकडो बारीक दाणे घट्ट चिकटलेले. प्रत्येकाचे थर वेगळ्या दिशेला. सगळे एकाच वेळी आकसायला लागले की एकमेकांना ओढतात आणि गोळ्याला तडे जातात. तड्यात बॅटरीतला द्रव शिरतो, आतला ताजा पृष्ठभाग खराब करतो. बॅटरी म्हातारी होते ती अशी. मला तो तडा जाताना पकडायचाय. मेल्यावर कापून बघण्यात काय अर्थ?"

"तडा जातो म्हणजे आवाज होत असणार," मामा सावकाश म्हणाला.

"तेच तर म्हणतेय. बॅटरीला चिकटवायचा सेन्सरही आहे. पण त्यात लिफ्ट ऐकू येते, पंप ऐकू येतो, वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या ऐकू येतात."

मामाने घोटभर पाणी घेतलं, ग्लास ठेवला. "केबल कशा टाकल्यात तुम्ही?"

पुढच्या आठवड्यात मामा सुनेबरोबर संस्थेत गेला. इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर, पिशवीत केबलचं भेंडोळं. मामी दारात उभी राहून म्हणाली, "तिथे बिजागऱ्यांना तेल घालत फिरू नका म्हणजे झालं."

प्रयोगशाळा तळघरात होती. एका बाजूला काचेच्या बंद पेट्या. त्यांना रबरी हातमोजे बसवलेले, बाहेरून हात घालून आत काम करायचं, कारण आतल्या मालाला हवेतला ओलावा चालत नाही. दुसऱ्या बाजूला भट्ट्या, आणि भट्ट्यांपाशी एक तरुण माणूस, ज्याच्या एका भुवईचे केस जळून अर्धे राहिले होते. हा काळी भुकटी भाजून तयार करायचा, म्हणून सगळे त्याला भट्टीवालाच म्हणत. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणायचे. त्यांनी मामाकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "या. बिघडवण्यासारखं आता फार काही उरलेलं नाही."

वहिनीने बॅटरी दाखवली. नाण्याएवढी स्टीलची डबी. तिला मसुराएवढा सेन्सर चिकटवलेला. सेन्सर जागेवर आहे की नाही हे कसं तपासायचं तेही दाखवलं: बारीक शिशाची पेन्सिल डबीवर टेकवायची आणि शिसं मोडायचं. कट्. संगणकाच्या पडद्यावर उंच रेघ उठली. मामाला हे फार आवडलं. त्याने तीन-चारदा शिसं मोडलं, शेवटी वहिनीने पेन्सिल काढून घेतली.

मामाने दिवसभर खपून केबल नव्याने टाकल्या, टेबलाखाली जाड फोम घातला, अर्थिंग तपासलं. दुसऱ्या दिवशी बॅटरी चार्जिंगला लावली आणि पडद्यावर रेघा उठायला लागल्या. एक, मग दुसरी, मग तिसरी. स्वच्छ, ठसठशीत. भट्टीवाला धावत आला. मामाची छाती फुगली.

वहिनी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. "इतकी शिस्तीची बॅटरी मी पाहिली नाही," ती म्हणाली. "सगळ्या रेघांमधलं अंतर अगदी सारखं आहे." मग तिने टेबलाकडे पाहिलं. "बाबा, तुमचं घड्याळ."

मामाने काम करताना चावीचं जुनं मनगटी घड्याळ काढून बॅटरीशेजारी टेबलावर ठेवलं होतं. सकाळभर सगळ्यांनी मिळून त्याची टिकटिक टिपली होती.

मॅडम आपल्या खोलीत जाऊन हसल्या, पण दार उघडं होतं. मामाने घड्याळ खिशात टाकलं. मग खिशातही नको म्हणून बाहेर जाऊन पिशवीत ठेवून आला.

दुपारनंतर खरा आवाज आला. सुरुवातीला तुरळक रेघा होत्या. मग बराच वेळ सगळं सपाट. आणि चार्जिंग संपत आलं तसा रेघांचा नुसता सडा पडला. लहान, मोठ्या, एकमेकींवर चढलेल्या. वहिनी खुर्चीतून उठून उभी राहिली. "बसतायत," ती म्हणाली. "थर आत बसतायत."

मामाने हेडफोन कानावर दाबला. त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पडद्यावर रेघा नाचतायत आणि कानात सामसूम. आता आपलं बिंग फुटलं, असं त्याला वाटलं. त्याने हेडफोन काढून खाली ठेवला आणि उगाच केबल गुंडाळायला घेतली.

"ऐकू येत नाहीये ना?" वहिनीने विचारलं.

मामा केबल गुंडाळतच राहिला.

"मलाही येत नाही. भट्टीवाल्यालाही नाही. फार बारीक आवाज आहे बाबा, माणसाच्या कानाच्या कितीतरी वरचा. आम्ही तो फक्त पडद्यावर बघतो."

मामाने केबल ठेवली. थोडा वेळ विचार करून म्हणाला, "आम्ही पक्ष्यांवर एक कार्यक्रम केला होता. एका पक्ष्याची शीळ इतकी बारीक की अर्ध्या लोकांना कळेना. तेव्हा टेप हळू चालवली. टेप हळू केली की आवाज खाली उतरतो."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून संगणकापुढे बसली. "शंभरपट हळू करते," म्हणाली, आणि स्पीकर चालू केला.

तळघरात आवाज आला. आधी एक सुटा 'टक्'. मग कोरडी काटकी पायाखाली मोडावी तसा. मग एकामागून एक, वाळलेल्या पानांतून कुणीतरी जड पावलांनी चालत गेल्यासारखे. मधूनच 'बुळुक' असा ओला, जाडसर आवाज. तो तड्याचा नव्हता, आतल्या द्रवातून वायूचा बुडबुडा निघाल्याचा होता, असं वहिनी म्हणाली. सगळे उभे राहून ऐकत होते. मामाला प्रत्येक आवाज ऐकू येत होता. बाकीच्यांना जितका येत होता तितकाच.

संध्याकाळी दोघं बसची वाट बघत थांब्यावर उभे होते. मामा अचानक म्हणाला, "सूनबाई, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. बरेच दिवस झाले."

"माहीत आहे, बाबा."

"तुला कसं माहीत?"

"तीन केक जळाले."

मामाने बोटांवर केक मोजले. "तिला?"

"आईंना तर माझ्याआधीपासून माहीत आहे. त्या म्हणाल्या, स्वतःहून सांगतील तेव्हा सांगतील, तोवर आपण ओरडून घेऊ."

मामा हसायला लागला. बस आली तरी त्याचं हसू थांबेना, कंडक्टरने दोनदा विचारलं कुठे जायचंय म्हणून.

मग कानाच्या डॉक्टरकडे जाणं झालं आणि मामाच्या दोन्ही कानांमागे दोन यंत्रं बसली. पहिले काही दिवस मामीला फार जड गेले. स्वयंपाकघरात पाठ करून ती जे पुटपुटायची, त्याला आता बाहेरून उत्तरं यायला लागली. "इतके दिवस मी मनमोकळं बोलत होते," ती मला म्हणाली, "आता पुन्हा संसार करायची वेळ आली."

मामा आठवड्यातून दोन-तीनदा संस्थेत जायला लागला. मॅडमनी त्याला रीतसर ओळखपत्र करून दिलं. त्याचं काम म्हणजे हळू केलेले आवाज ऐकायचे आणि तड्याचे वेगळे, बुडबुड्यांचे वेगळे काढायचे. संगणकही तेच काम करायचा, आणि वहिनी दोघांचे निकाल ताडून बघायची. बहुतेक वेळा दोघांचं जुळायचं. जुळलं नाही की मामा म्हणायचा संगणक चुकला. एकदा-दोनदा तसं निघालंही, पण पुष्कळदा मामाच चुकलेला असायचा. मग तो कानामागच्या यंत्राच्या बटणाला दोष द्यायचा.

दरम्यान भट्टीवाला नवीन भुकटीच्या मागे होता. शेकडो दाण्यांच्या गोळ्याऐवजी प्रत्येक कण म्हणजे एकच अखंड स्फटिक, असा माल त्याला करायचा होता. एकच स्फटिक असेल तर थर आत बसताना ओढाताण कुणाशी होणार? ते सुचणं सोपं, करणं कठीण. कधी कण एकमेकांना चिकटायचे, कधी भट्टी जास्त तापून लिथियमच उडून जायचं. त्याची दुसरी भुवईही आता पहिलीच्या मापाची झाली होती.

शेवटी एकदाची त्याची भुकटी जमली. वहिनीने तिची बॅटरी बांधली, सेन्सर चिकटवला. सगळे जमले. चार्जिंग सुरू झालं. सुरुवातीला दोन-चार रेघा आल्या, मग सपाट. हे नेहमीचंच होतं. चार्जिंग वर चढत गेलं. जुनी बॅटरी जिथे कडकडायला लागायची ती जागा आली. पडदा सपाटच. ती जागा ओलांडली. सपाट.

"सेन्सर सुटला," भट्टीवाला म्हणाला आणि मटकन् स्टुलावर बसला.

मामाने हळूच वहिनीला विचारलं, "पेन्सिल कुठाय?"

वहिनीने पेन्सिल दिली. मामाने वाकून शिसं डबीवर टेकवलं आणि मोडलं. कट्. पडद्यावर उंच, देखणी रेघ उठली.

मामाने आणखी एकदा मोडून बघितलं. पुन्हा रेघ. सेन्सर होता तिथेच होता, केबल ठीक होती, यंत्र चालू होतं. बॅटरी गप्प होती, कारण आत काही तुटत नव्हतं.

"रेडिओवर चार क्षण काही वाजलं नाही तर मोठ्या साहेबांचा फोन यायचा," मामा म्हणाला. "शांतता म्हणजे कुणाची तरी चूक. इथे तुम्ही ती भाजून काढलीत." भट्टीवाल्याने चेहरा दोन्ही हातांत झाकून घेतला. वहिनीने त्याच्या पाठीवर थाप मारली तेव्हा कळलं की तो हसतोय.

मॅडम मात्र लगेच विरघळणाऱ्यांतल्या नव्हत्या. "न ऐकू येणं म्हणजे न घडणं नव्हे," त्या म्हणाल्या. त्यांनी दोन्ही बॅटऱ्या पुष्कळ वेळा चार्ज करून रिकाम्या करायला लावल्या, मग उघडून आतला माल मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. जुन्या भुकटीचे गोळे दुष्काळातल्या जमिनीसारखे भेगाळले होते. नवे कण तसेच्या तसे, कडा शाबूत. मॅडमनी ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि सगळ्यांना चहा मागवला. त्या चहा मागवतात हे तोवर कुणाला ठाऊकच नव्हतं.

घरी मामाने हा किस्सा मामीला इतक्यांदा सांगितला की पेन्सिल मोडायच्या जागी ती स्वतःच 'कट्' म्हणायला लागली. तिने एकदा विचारलं, "मग आता ही भुकटी सगळ्यांच्या फोनमध्ये येणार का?"

"इतकं सोपं नाही, आई," वहिनी म्हणाली. "अखंड स्फटिक मोठा असतो, त्यातून लिथियमला बाहेर पडायला वेळ लागतो. चार्जिंग हळू होतं. आता कण लहान करून बघायचेत. लहान केले की ते पुन्हा चिकटायला बघतात."

"म्हणजे भट्टीवाल्याचं लग्न काही यंदा होत नाही," मामी म्हणाली. त्याचा लग्नाशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात मी मामाकडे गेले तेव्हा तो घरीच होता. सर्दी-खोकला झाला होता, आणि त्याचा खोकला बॅटरीच्या आलेखात दिसतो म्हणून सुनेनेच त्याला येऊ नका म्हणून सांगितलं होतं. तो शाल गुंडाळून खिडकीपाशी बसला होता, तोंड उतरलेलं. मामी म्हणाली, "दोन दिवस झाले, सारखे फोनकडे बघतायत."

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी होती. "बाबा, एक आवाज लावते. संगणक म्हणतोय तडा, मला तसं वाटत नाहीये." मग फोनमधून बारीक 'टक्' आल्याचं मलाही ऐकू आलं.

मामाने आम्हाला हाताने गप्प राहायला सांगितलं. फोन कानामागच्या यंत्राला नीट टेकवला, डोळे मिटले.

"पुन्हा लाव," तो म्हणाला. "आणि त्या भट्टीवाल्याला सांग, मागे पाय हलवू नकोस."